ताई, तो शेवट मी लिहिला होता

प्रिय ताई,

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. वकीलसाहेबांनी आज समोर बसवून तीन वेळा घोकून घेतलं. "बहीण कशी होती?" "चारित्र्यवान होती." "तिचे कोणाशी संबंध?" "नव्हते." तिसऱ्या वेळी मी खुर्ची मागं सारली. उठून बाहेर आलो आणि जिन्याच्या भिंतीवर अशी बुक्की घातली की बोटांची सालं निघाली. त्याच हातानं लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नको.

वकिलापुढं जे बोलता आलं नाही ते तुला सांगायचंय. तुला दाजीनं मारलं. त्याला अजून दाजीच म्हणतोय बघ, जळो माझी जीभ! पण तो शेवट आधी मी लिहिला होता.

पूजानं मला सोडलं तो महिना आठवतो? कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून मी घरी पडून होतो. पूजा ज्याच्या मागं बसून फिरायची त्याच्या गाडीच्या दिव्याची काच मी उस्मानपुऱ्यात भर चौकात दगडानं फोडली. तू गचांडी धरून मला पुंडलिकनगरला तुझ्या घरी आणलंस.

"तिचं मन फिरलं, बाळ्या. मन फिरवायला तिला तुझी परवानगी लागती व्हय?"

मी ताट भिंतीवर फेकून मारलं. तू खाली बसून भात गोळा केलास. का गं? तेव्हाच एक कानाखाली द्यायची होतीस.

मग मी तो पिक्चर लिहिला. आमच्या पोरांचं चॅनेल, मोबाईलवर शूटिंग, वीस मिनिटांचा ड्रामा. त्याच्या आधीचा तुला आवडला होता. त्यात नवरा दुसरीच्या नादी लागतो, बायको आजारी पडते, नवरा रडत परत येतो आणि ती अंथरुणातूनच गाणं म्हणत त्याचे डोळे पुसते. ती बायको झालेल्या पोरीचे वडील शूटिंगला आमच्यासाठी डबा घेऊन आले होते. लेक देवीसारखी दिसली म्हणून खूश! आणि त्या बाहेरख्याली नवऱ्याच्या रोलसाठी आमची चार पोरं भांडली होती.

ह्या नव्या पिक्चरमध्ये बायको दगा देते, दुसऱ्याचा हात धरून पळते आणि नवरा तिला कोयत्यानं तोडतो. आता दगा देणारी बायको कोण होणार? उस्मानपुऱ्यापासून पडेगावपर्यंत एक पोरगी तयार होईना. "मेलेली दाखव, वेडी दाखव, तसली दाखवू नको. माझं लग्न व्हायचंय," असं एकीनं हात जोडून सांगितलं.

तू कागद वाचलेस. चहा गार होईपर्यंत वाचत होतीस.

"मागच्या पिक्चरला गडी गेला तर गाणं. ह्याच्यात बाई गेली तर कोयता. असं का रं?"

"पब्लिकला तेच लागतं, ताई."

"पब्लिक म्हंजे तूच ना?"

मी चिडलो. तू हसलीस आणि म्हणालीस, "बरं, मी करते. तोंड नाय दाखवायचं पण. पदर घेऊन, पाठमोरी." तुला त्या रोलची हौस नव्हती हे मला कळत नव्हतं असं समजू नको. भाऊ अंथरुणातून उठला, कामाला लागला, एवढंच तुला पाहिजे होतं.

पडेगावच्या माळावर आपण शूटिंग केलं. पुठ्ठ्याचा कोयता, त्याला चंदेरी कागद. लाल सरबतात कुंकू कालवून रक्त. तू जांभळी साडी नेसून आलीस, मी राखीला दिलेली, पोपटी काठाची. मेल्याचं सोंग घेऊन पडलीस आणि मधेच ओरडलीस, "अरे, मेलेल्या बाईला मुंग्या चावायल्यात, आटप की!" कॅमेऱ्यामागची पोरं पोट धरून हसली. मी नाही हसलो. त्या पदराआड मला तू दिसतच नव्हतीस. मला पूजाची मान दिसत होती. पाच घाव लिहिले होते, मी अकरा घालायला लावले.

आणखी एक कबूल करतो. पूजा माझ्यासोबत होती तेव्हा मी दुसऱ्या एका मुलीशी रोज चॅटिंग करायचो. तिला भेटलोही होतो, दोनदा. त्याला दगा म्हणायचं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आहे का नाही गंमत?

पिक्चर टाकल्यावर खाली लोकांनी काय काय लिहिलं! "अशांना असंच पाहिजे." "भाऊ, अजून दोन द्यायचे होते." मी एकेकाला बदाम पाठवत बसलो.

तोंड झाकलं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटलं. आपण दोघं किती येडे, ताई! आपल्याकडं बाईला तोंडावरून कमी आणि साडीवरून जास्त ओळखतात. ती साडी नेसून तू गल्लीतली पाच लग्नं आणि प्रत्येक हळदीकुंकू केलं होतंस. दुसऱ्याच दिवशी दाजीला कंपनीच्या बसमध्ये गल्लीतलंच कोणीतरी म्हणालं, "काय राव, मिसेस तर लई जोरात पळाली तुमची!" अख्खी बस हसली. दाजी पण हसला म्हणे. घरी येऊन त्यानं तुझा मोबाईल मागितला. मग विचारत सुटला, हिरो कोण, त्यानं तुझा हात किती वेळ धरला, शूटिंग संपल्यावर कुठं गेलात.

हा कोण विचारणारा? वाळूजला दोन वर्षं ज्याची बाई होती तो! सगळ्यांना माहीत होतं. तू त्याला त्यावरून बोललीस म्हणून ओठ सुजवून घेऊन माहेरी आलीस, तेव्हा आई म्हणाली, "गडीमाणूस हाय, येईल वळून." आणि मी? त्याच संध्याकाळी तो तुला न्यायला भेळ घेऊन आला आणि मी त्याच्या मांडीला मांडी लावून मॅच बघत बसलो. तू आतल्या खोलीत पिशवी भरत होतीस. मला दिसत होतीस, ताई.

तुझा फोन आला होता. "बाळ्या, तो पिक्चर काढून टाक बरं. हे डोकं फिरवून बसलेत." मी काय म्हणालो? "दोन दिवस थांब ना, आत्ता कुठं व्ह्यूज चढायलेत." तू एवढंच म्हणालीस, "बरं." भांडली का नाहीस गं? आई-बापासमोर बोलता यायचं नाही, निदान माझ्यावर तरी ओरडायचंस! बॅग उचलून यायचंस!

दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्यानं खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला. शेजारच्या काकूंनी पोलिसांना जबाब दिलाय, "ओरडणं ऐकू आलं, पण मला वाटलं टीव्ही चालू आहे."

मी आलो तेव्हा तू ओट्याखाली होतीस. खरं रक्त सरबतासारखं नसतं, ताई. काळं पडतं, फरशीच्या फटीत जाऊन बसतं आणि त्याला वास असतो. तुझा एक डोळा उघडा होता. दुसरीकडं डोळाच राहिला नव्हता. मी अंगणातला फरशीचा तुकडा घेऊन पोलिसांच्या गाडीकडं धावलो. त्याचं डोकं तिथंच फोडलं असतं, तिघांनी मला खाली पाडून धरलं. तो जाळीतून माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "तूच दाखवलं होतंस ना रे?"

तुझी माती झाली त्या दिवशी तो पिक्चर सगळ्यात जास्त लोकांनी बघितला. "हीच ती" म्हणून एकमेकांना पाठवत होते. मी तेव्हा काढला. तेव्हा!

मातीला आलेल्या बाया रडत होत्या, "बिचारीनं काहीच केलं नव्हतं गं, नुसता रोल केला. उगाच मेली." मीही मान हलवून रडत होतो. पूजा आली होती, बाहेर रस्त्यावर उभी होती. ती त्या बायांना म्हणाली, "आणि केलं असतं तर? मग बरोबर मेली असती का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली, हिला आत्ता हे सुचतंय! हात उचलला सुद्धा. ती मागं सरकली नाही. ती घाबरून माझ्या हाताकडं बघत होती, जसं तू दाजीच्या हाताकडं बघत असशील. मी हात खाली घेतला. त्यानंतर मी तिच्या वाटेला गेलो नाही, जाणारही नाही.

आई कालपासून माझ्या मागं आहे. "त्या भेळेचं, सुजलेल्या ओठाचं सांगू नको रे. लोक म्हणतील मायनंच ढकलली." ती समोरच्या बाकावर बसणार आहे. तिचं तोंड बघून पढवलेलंच बोलून मोकळं व्हावंसं वाटेल हे मला माहीत आहे.

तरी सांगणार. वाळूजचं सांगणार, ओठाचं सांगणार, आई काय म्हणाली ते आणि मी मॅच बघत होतो ते. तुझा फोन आला होता आणि मी पिक्चर काढला नाही, हेही. दाजीचा वकील उठून विचारणारच, "तुमच्या बहिणीचे बाहेर संबंध होते का?" आपल्या वकिलाला पाहिजे, मी छाती ठोकून "नाही" म्हणावं.

नाही म्हणणार नाही, ताई. तुला शब्द देतो. मी म्हणणार, "असते तरी, साहेब. असते तरी तिला मारायचं नव्हतं."

तुझाच,
बाळ्या