वसिष्ठांच्या बाजूची चांदणी

सोलापूर,
२७ एप्रिल

ती. दाजींना एकनाथचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (डावा हल्ली टेकत नाही, त्याचा मनोभावे समजावा).

करकंबला सगळे ठीक असतीलच. तुमची नवी कवळी बसली का, की अजून पानाच्या डब्याशेजारीच असते? आमच्या इंद्रायणीच्या लग्नाच्या काळजीने अक्काचा रक्तदाब वाढला असेल तर तिला सांगा, इथे आम्हा सगळ्यांचाच वाढला आहे. खरं तर फोनच केला असता. पण माझी ही बहीण फोन स्पीकरवर ठेवते आणि मजकूर तुमच्या आधी समोरच्या पिठाच्या गिरणीत पोहोचतो. हा मजकूर गिरणीत जाण्यासारखा नाही. पाकिटात पत्रिका आहे, पण ती पत्र पुरतं वाचून मगच पाहावी.

माझ्या दुर्बिणीबद्दल तुमचं मत मला माहीत आहे. तुम्ही जन्मभर संस्कृत शिकवलंत, ताऱ्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत, आणि नावं पाठ असल्यावर वर बघायची गरज काय, असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. मला नाद आहे तो जोडताऱ्यांचा. नुसत्या डोळ्यांना एक, दुर्बिणीतून दोन. ते इतके जवळ असतात की फोटोत बहुधा एकच गोळा येतो. दोघांच्या मध्ये केसाएवढी काळी फट दाखवता आली की मला त्या दिवशीचं जेवण गोड लागतं. अडचण आहे ती सोलापूरच्या स्लॅबची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ऊब सोडू लागला की वरची हवा थरथरते आणि तारा कढईतल्या भज्यासारखा नाचतो. यावर एक उपाय म्हणजे व्हिडिओ घ्यायचा, त्यातली हजारो चित्रं कॉम्प्युटरला चाळायला लावायची आणि बरी निघतील तेवढी एकावर एक रचायची. दुसरा उपाय म्हणजे स्लॅबवर पाणी मारायचं. तो मी एकदाच केला. (नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. अनसूया तेव्हा नवऱ्याला जे बोलली ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्यासारखं नाही.)

आता पत्रिकेकडे येतो. फोटोची कल्पना माझी नव्हे, व्याह्यांची. लग्नात नवरीला वसिष्ठांशेजारची अरुंधती दाखवतात, मग घरात दुर्बीण असताना पत्रिकेवर खऱ्या वसिष्ठ-अरुंधतीचा फोटो का नको, गणपती तर सगळेच छापतात, असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी आपण होऊन फोटो मागितला नव्हता (भेट दिलेले दोन परत आले आहेत). मी कामाला लागलो. आता यात गोम अशी की वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे. अरुंधती बरंच अंतर राखून असते. पण त्याला अगदी लगटून आणखी एक चांदणी आहे, तेजाने जवळजवळ अरुंधतीच्याच तोडीची. ती नवशिक्याच्या दुर्बिणीतूनही दिसते, त्यात फुशारकी नाही. पण तिन्ही एकाच फोटोत, वसिष्ठ भडक न होता, मधली फट शाबूत ठेवून, आणि तेही एप्रिलच्या सोलापुरात, हे सोपं नाही. तो माझा आजवरचा सर्वांत चांगला फोटो आहे. नव्या पेठेत बसवराजच्या छापखान्यात पत्रिका छापल्या आणि पहिली मानाने मुलाकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती पत्रिका हातात घेऊन नवऱ्या मुलाच्या, राजसच्या आत्याबाई आल्या. राजसची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते या आत्याबाईंनी, त्यामुळे त्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या समोर येईल ती वस्तू उलटसुलट करून तपासतात. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. अरुंधती कोणती ते कळलं, म्हणाल्या, पण ही चिकटलेली कोण? मी म्हणालो, ती वसिष्ठांच्या जास्त जवळची. इथे थांबायला हवं होतं. पण मला खगोलातलं कुणी कधी विचारत नाही, म्हणून मी पुढे सांगितलं की खरी जोडी या दोघांचीच, ती हजारो वर्षं एकमेकांभोवती फिरते आहे, आणि अरुंधतीचं वसिष्ठांशी काही नातं आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता.

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "सरळ बोला की मग! राजसचं पुण्याच्या मुलीशी ठरलेलं मोडलं त्याला दीड वर्ष झालं. तुम्हाला कुणी सांगितलं? आणि सांगितलं तर सांगितलं, ते पत्रिकेवर छापायचं असतं होय?"

मला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं, दाजी. आत्ता त्यांनीच सांगितलं. अनसूया पन्ह्याचा ट्रे घेऊन येत होती ती दारातच थांबली. इंद्रायणीने तिच्या हातातून ट्रे घेतला आणि म्हणाली, "आत्या, राजसने मला पहिल्याच भेटीत सांगितलंय. पन्हं घ्या." माझ्या मते इथे विषय संपला होता. पण आपण एकट्याच आजवर ते लपवत बसलो, याचा त्यांना आणखी राग आला. पन्हं तसंच ठेवून त्यांनी निकाल दिला की ती सटवी पत्रिकेवरून गेली तरच मी मांडवात येईन. संध्याकाळी राजसचा फोन आला. तो फार अदबीने बोलला, पण आत्या नसेल तर मी बोहल्यावर उभा राहणार नाही, हे त्याने सांगितलंच. इंद्रायणी त्या रात्री जेवली नाही.

मी कॉम्प्युटरपुढे बसलो. जे खरोखर आहे ते फोटोतून पुसायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळत आलो आहे. अनसूया पाठीमागे उभी राहून म्हणाली, "चांदण्या पुष्कळ आहेत, मुलगी एकच आहे." तरीही माझ्या हातून होईना. शेवटी बसवराजला फोन करून सांगितलं की वसिष्ठांच्या बाजूची चांदणी काढून टाक आणि नव्या पत्रिका परस्पर मुलाकडे पोहोचव. त्याने तसं केलं. आत्याबाईंचा खूश होऊन फोन आला. लग्न ठरल्या मुहूर्तावर आहे. तुम्ही आणि अक्काने आठ दिवस आधी यावं, कूलर दुरुस्त करून घेतला आहे. मुलांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार, कवळीला शुभेच्छा.

तुमचा
एकनाथ

ता. क. एव्हाना पत्रिका पाहिली असेल. बसवराजने 'बाजूची' म्हणजे कडेची असं समजून अरुंधतीच काढून टाकली आहे. जाब विचारला तर म्हणतो, "सर, तुमीच म्हणाला की बाजूची. चिकटलेली म्हणला असता तर चिकटलेली काढलो असतो की. कडंची गेल्यावर लई मोकळं दिसायलं, म्हणून ऱ्हायलेल्या दोघांना मोठं केलो." मोठं मात्र त्याने सुरेख केलं आहे. फट अगदी स्वच्छ दिसते.

आणखी एक. फोनवर आत्याबाई म्हणाल्या, "आता कसं जोडपं वाटतंय, एकमेकांना धरून! आधी ती बिचारी कुठं लांब उभी होती." वसिष्ठांना धरून कोण उभं आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पत्रिका सगळीकडे वाटून झाल्या. अनसूया म्हणते, मी त्या दिवसापासून उगीच हसतो.

शेवटचं, आणि पत्र लिहायचं कारण हेच. आलेल्या लग्नपत्रिकेतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती यजमानांना परत पाठवायची तुमची पद्धत आहे. यावेळी पाठवू नये. मुहूर्त दुपारचा आहे. गुरुजी हॉलच्या पंख्याकडे बोट दाखवून अरुंधती दिसली का म्हणून विचारतील, पोरं दिसली म्हणतील, तिथे काळजी नाही. पण तुमची खुर्ची आत्याबाईंच्या शेजारी मांडायची असं अनसूयेने ठरवून टाकलं आहे, आणि तुम्ही संस्कृतचे म्हटल्यावर त्या पत्रिका उघडून यातली अरुंधती कोणती हे तुम्हालाच विचारणार. दाजी, हात जोडून सांगतो, छापलेल्या दोन चांदण्यांपैकी कोणत्याही एकीवर बोट ठेवा. बरोबर उत्तर त्यात छापलेलं नाही.