दोरीची लावणी

अण्णा, तुमची लावणीची दोरी आता माझ्याकडे आहे. तुडील गावचं आपलं घर आवरताना पडवीत सापडली. लाल खुणा थोड्या पुसट झाल्यात, बाकी धड आहे. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मीही तुमच्याच शेतकी खात्यात शिरले, फक्त पुण्यातल्या खुर्चीवर. परवा बैठकीत वरच्या साहेबांनी विचारलं, छोटे शेतकरी सुधारित पद्धत एकदा करून बघतात आणि मग सोडून का देतात? कोणी अज्ञान म्हणालं, कोणी आळस. मला तुम्ही आठवलात. तुम्ही अडाणीही नव्हता आणि आळशी तर मुळीच नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुम्ही पोलादपूरला कृषी सहायक, मी महाडच्या कॉलेजात. डोंगरातल्या कुडपण गावापर्यंत पायी चढून जायचात आणि सांगायचात, दोरी ताणा, खुणेवर रोप लावा, रोपांच्या चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचा, भात वाढणारच. लोक चहा द्यायचे, प्रयोगाला भाताचं खाचर मात्र कोणी देत नव्हतं. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्याने तुम्हाला गोड बोलून वाटेला लावलं, "सायेब, आधी तुमच्या शेतात करून दावा. मग आमी हावच." ते तुम्हाला झोंबलं. घरी येऊन जेवायच्या आधी दोरीला रंग लावायला बसलात.

आपल्याकडे लावणीला मजूर नसत. वाडीतल्या बायका मिळून आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. त्या वर्षी आपल्यानंतर शेजारच्या काकीची पाळी होती. चिखलात दोरीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. एरवी वाकून मागे मागे सरकत, गप्पा मारत भराभर लावणाऱ्या बायका आता दोरी हलायची वाट बघत उभ्या राहतात. तुम्ही ओरडताय, "खुणेवर, खुणेवर." दुपारनंतर काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावोजी, तुमची दोरी हालेपर्यंत माजी कंबर गेली. आज तुमचं आटपलं नाय, तर माजं कवा व्हायचं?" तुम्ही हसून म्हणालात, एका दिवसाने काय बिघडतंय. आई हसली नाही. तिने मान वर न करता रोपांची मूठ सोडली.

आपल्या खाचराचं काम दुसऱ्या दिवशीही पुरलं. तिसऱ्या दिवशी पावसाने असं झोडपलं की काकीच्या शेतात बांधापर्यंत पाणी भरलं. ते उतरेपर्यंत तिचं रोप जून झालं. आईने तिच्याकडे दोघींच्या वाटचं काम उपसलं, पण जून रोपाला फुटवे कुठून येणार?

कापणीला तुमचं म्हणणं खरं ठरलं. आपलं भात खरंच वाढलं होतं. जीपमधून साहेब आले, बांधावर उभं राहून तुमची पाठ थोपटली. पलीकडे काकीचं विरळ शेत अगदी समोर होतं. त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. मला तुमचा फार राग आला होता, अण्णा. आता खात्यात बसून कळतं की प्रात्यक्षिकाच्या शेताला लागून दुसरं कोणाचं शेत असतं, हे विचारायची पद्धत आजही नाही.

मळणी झाल्यावर आईने तुम्हाला एवढंच सांगितलं, "भात तुमचं वाढलं, पाळी तिची गेली." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः भाताचं पोतं डोक्यावर घेऊन काकीच्या अंगणात गेलात. खात्यातला माणूस डोक्यावर पोतं घेऊन चाललेला वाडीने पहिल्यांदाच पाहिला. काकीने पोतं उतरवून घेतलं, एक दाणा चावून बघितला आणि म्हणाली, "दोरीचं भात व्हय? लागतंय तर आमच्यासारखंच." अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. तुम्हीही हसलात, जरा उशिरा. पुढच्या वर्षी लावणीला दोरी निघाली नाही. तुम्ही ती गुंडाळून पडवीच्या वाशाला टांगलीत आणि आईने न विचारता ती सोडून पडवीत आडवी बांधली आणि तिच्यावर लुगडी वाळत घालायला सुरुवात केली.

मी हे बैठकीत सांगितलं नाही. सांगून त्यांच्या तक्त्यात ते कुठे बसलं असतं कोण जाणे. आणि आता तुडीलला पाळीच उरली नाही. काकीची मुलं महाडच्या कारखान्यांत आणि मुंबईत आहेत, तिचं खाचर पडीक आहे, आपलंही. आज दोरी लावली तर कोणाचंच नुकसान होणार नाही, पण लावायला बायकाच नाहीत. तुमची पद्धत बरोबर होती आणि आई बरोबर होती. यातलं एक खोडून दुसरं मला लिहिता येत नाही, म्हणून साहेबांच्या त्या प्रश्नावरचा माझा अहवाल अडून बसलाय आणि हे पान भरलं.

दोरी माझ्या गॅलरीत बांधली आहे, कपड्यांसाठी. एक गोष्ट दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायची नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. चिमटे मी तुमच्या खुणांवरच लावते. एखादा मधेच लागला, तर काढून परत लावते.