कारखान्याच्या दारातला दिवा

दि. ६ फेब्रुवारी

चि. चिमटी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, उलटतपासणीच ती. सगळा जन्म नर्स म्हणून काढलास, त्यामुळे धाकटी बहीण असूनही तू मला पेशंटचा नातेवाईक समजून झापतेस. असो. तुझ्या वहिनीचं हाड नीट जुळलं आहे, काठी सुटली आहे, डॉक्टर खूश आहेत. घरात ती पूर्वीसारखी वावरते, माझ्या चहातली साखर कमी करते आणि माझ्या चुका पूर्वीच्याच उत्साहाने काढते. तब्येतीची काळजी नको. काळजी वेगळीच आहे.

पडल्यापासून ती मागच्या दाराबाहेर गेलेली नाही. तिथला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटाच, तिने स्वतः बांधला, त्यावरून उताराने खाली जाणाऱ्या पायऱ्याही तिच्याच हातच्या, आणि पायऱ्या संपतात तिथे तिची सुतारकामाची खोली. त्या खोलीला मी थट्टेने कारखाना म्हणत आलो. आता तिथलं कुलूप बघून थट्टा सुचत नाही. त्या दिवशी कारखान्याची खिडकी लावायची राहिली म्हणून ती दिवेलागणीला खाली उतरली आणि शेवटच्या पायरीवर पाय चुकला, एवढंच घडलं. पण तिच्या मनाने घेतलंय की चूक पायाची नव्हे, हाताची. ती पायरी आपण उंचीला चुकवली, असं ती म्हणते. मी टेप लावून सगळ्या मोजल्या, सारख्याच आहेत. तसं सांगितलं तर म्हणाली की माझं मन राखायला तू टेपसुद्धा ताणशील.

तिने गवंड्याला सांगून ठेवलंय. मार्च संपता संपता तो येणार, पायऱ्या तोडणार आणि सिमेंटच्या करणार. आणि त्यानंतर हत्यारं विकायची. जिचा हात मोजमापात चुकला तिने करवत धरू नये, म्हणे. चिमटी, ही बाई करवत खाली ठेवून नुसती बसली तर काय होईल याचा मला विचारही करवत नाही.

म्हणून मी ठरवलंय की गवंडी यायच्या आत त्या पायऱ्यांवर दिवे लावायचे. एकदा तिला तिचं काम उजेडात दिसू दे. प्रकाशयोजना हा माझा धंदा, त्यात तरी मला कुणी शिकवू नये.

आशीर्वाद आहेतच, चिमटे जरा कमी काढ.
तुझा दादा

दि. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा बेत वाचला आणि आधी हसले, मग घाबरले. नाटकांत तू सूर्य उगववलेस, चंद्र मावळवलेस, एकदा तर वीज पाडून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवलंस. पण घरातला बल्ब गेला की स्टुलावर वहिनी चढायची आणि तू खाली उभा राहून सूचना द्यायचास. उघड्यावर, ओल्या लाकडावर तू वायरी ओढणार म्हणे. एक पेशंट घरात झाला तेवढा पुरे.

वहिनीचं मात्र तुझ्याइतकंच मलाही लागलं. पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हाड आपलं आपण जुळतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. भीतीचं तसं नसतं. चाल म्हणून सांगितलं की माणूस अजूनच घट्ट बसतो, त्याला उठायला स्वतःचं कारण लागतं. ते आपण बाहेरून देऊ शकत नाही, फार तर त्याच्या वाटेत ठेवून बाजूला व्हावं.

आणि माझ्या निवृत्तीची खुर्ची? वहिनीने कबूल केलेली? मागच्या वेळी आले तेव्हा तिला तीन पाय होते. निवृत्त होऊन मी भिंतीला टेकून बसायचं की काय, हे तिला माझ्या वतीने विचार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस येते. तोवर तू स्वतःला विजेचा झटका देऊ नकोस.

लोभ आहेच, अंगात वीज न शिरता तो टिकावा.
तुझी चिमटी

दि. २६ फेब्रुवारी

चि. चिमटी हिस,
अ. उ. आ.

भित्रट कुठली. हे दिवे बारा व्होल्टचे असतात. मागच्या दाराशी भिंतीवर एक ट्रान्सफॉर्मर बसवला, घरातली वीज त्यात जाते आणि गरीब होऊन बाहेर पडते. पुढची वायर उघड्या हाताने धरली तरी ती माणसाशी भांडत नाही. जोड पाणी न शिरणारे घेतले आहेत आणि अंधारून आलं की सगळं आपोआप लागतं. मी बटण दाबायचीसुद्धा गरज उरली नाही, हे जरा मनाला लागलं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. वरचे दिवे झकास लागले आणि खाली जाता जाता एकेक मलूल होत गेला. शेवटच्या पायरीचा दिवा तर काजव्यापुढेही लाजेल असा. नेमका जिथे हवा तिथेच अंधार! मी डोकं खाजवत उभा, तर खिडकीतून तुझ्या वहिनीने विचारलं की बारीक पायपाने टोकाच्या झाडाला पाणी पोचतं का, आणि आत निघून गेली. मी जाड वायर आणली, टोकाकडून टोकाकडे न ओढता मधूनच दोन्हीकडे फोडली, आणि सगळे दिवे एकसारखे झाले. म्हणजे लक्ष आहे बरं का तिचं.

दिवे पायऱ्यांच्या फळ्यांत भोकं पाडून बसवायचे असतात. तिची हरकत नव्हती. तोडायच्याच आहेत, पाड हवी तेवढी, म्हणाली. माझ्याच्याने ते झालं नाही. ड्रिल हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. मग बाजूच्या खांबांवर हवे तसे वळवता येणारे छोटे दिवे लावले. त्याला साधे स्क्रू लावू नकोस, पावसात गंजतील, कारखान्यात वरच्या फळीवर डबा आहे त्यातले स्टेनलेसचे घे, हेही खिडकीतूनच.

आता खरी गोष्ट सांगतो. वायर डेकच्या पोटाखालून न्यायची म्हणून मी पाठीवर आडवा होऊन आत सरकलो. बॅटरी लावून वर बघतो तर काय! जी बाजू माती आणि कोळी सोडून कुणी कधी बघणार नाही, तिथेही तिने फळ्यांना रंधा मारलाय, कडा गोल केल्यात, प्रत्येक सांधा असा बसवलाय की नख शिरत नाही. आमच्या नाटकाच्या धंद्यात प्रेक्षकाला दिसत नाही ती बाजू आम्ही तशीच सोडायचो, नेपथ्य करताना तीही सोडायची. स्वतःच्या घराला मात्र तिने मागची बाजू ठेवलीच नाही. इतकी वर्षं मी त्या डेकवर बसून चहा पितोय आणि मला याचा पत्ता नाही. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. शेवटी मी मेलो की काय ते बघायला तिने दारात उभी राहून सुटलेली काठी डेकच्या फळीवर आपटली.

ये लवकर. आशीर्वाद तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहेत.
दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून पत्राने बोलते.

संध्याकाळी तुझे दिवे लागले तेव्हा फार सुंदर दिसत होतं. मग तू मला वरून उतरून दाखव म्हणालास आणि स्वतः खाली जाऊन उभा राहिलास. दादा, मला एकही पायरी दिसली नाही. सगळा उजेड माझ्या डोळ्यांत. कठडा धरून, पायाने चाचपत मी कशीबशी खाली आले, आणि तू खुशीत येऊन म्हणालास की चेहरा काय उजळलाय! चेहऱ्याने कुणी जिना उतरतं का? ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा जखमेवर धरतात, पेशंट कसा दिसतोय ते बघायला नाही. तू तर खाली माणूस येतोय म्हटल्यावर सगळे दिवे त्याच्या तोंडावर सोडलेस.

एक चांगलं झालं. मी आंधळ्यासारखी हात पसरून उतरताना खिडकीत वहिनी हसत होती, अगदी डोळे पुसत. मी तिला नंतर विचारलं की तुझा नवरा एवढा जाणता आणि ही चूक कशी काय करतो. ती म्हणाली, सवय, आणि भांडी लावायला वळली. तिचे कान लाल झाले होते. मला काही उलगडा झाला नाही.

तू खरंच थोर काम केलं आहेस, फक्त त्या दिव्यांना मान खाली घालायला शिकव.

राग आला तरी लोभ ढळू देऊ नये.
चिमटी

दि. १३ मार्च

चि. चिमटी हिस,
अ. उ. आ.

राग आला होता, तो काल उतरला. तुझं बरोबर आहे. सगळे दिवे खाली वळवायला घेतले आहेत.

पण जमत नाही. उजेड लावायला त्यात माणूस उभा लागतो. मी स्वतः उभा राहिलो तर दिव्यापाशी कोण? आणि माझं पाऊल वेगळं पडतं, तिचं वेगळं. तिला एकदाच येऊन उभी राहा म्हणालो. गवंडी महिनाअखेरीस यायचाय, दमू नकोस, असं म्हणून ती आत गेली. आता मी काय करावं ते मला कळत नाही.

लिहायला आणखी काही नाही. आशीर्वाद.
दादा

दि. २४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

चिमटी म्हणायचा हक्क तुझ्या दादाचा, म्हणून मी वन्सं म्हणते. कागदावर मी फारशी बोलत नाही हे तुला माहीत आहे, पण यावेळी तुझ्या दादाला लिहू दिलं तर तो त्याचं नाटक करील.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बघते तर हा माणूस झाडूच्या दांड्याला माझी हिरवी शाल गुंडाळतोय. ते बुजगावणं त्याने पायरीवर उभं केलं, दिवा वळवला, मागे जाऊन बघितलं, पुन्हा वळवला. मग ते खालच्या पायरीवर नेलं. असं करत करत तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला, आणि तिथे दिव्यावर हात ठेवून झाडूला म्हणाला की हनुवटी जरा वर.

सगळं तुला ठाऊक नसेल. आमचं लग्न ठरण्याआधी मी त्याच्याच नाटक कंपनीत नेपथ्याला होते, जिने, दारं, खिडक्या ठोकायला. नट मंडळी उशिरा यायची आणि याला दिवे लावायची घाई. मग हा मला करवत खाली ठेवायला लावायचा आणि मीच केलेल्या लाकडी जिन्यावर उभी करायचा. दोन पायऱ्या खाली ये, हनुवटी जरा वर. दिवा लागून गेला तरी मला उतर म्हणायला विसरायचा. सगळे हसायचे. लाकडी पायऱ्यांवर त्याने जन्मात एकच चेहरा उजळला आहे, त्यामुळे तुझ्या तोंडावर दिवे सोडले यात त्याचा दोष नाही. त्याचा हात आपला आपण तिकडे गेला.

झाडूला हनुवटी वर म्हटलेलं मला सहन होईना. शिवाय झाडू माझ्यापेक्षा चांगलाच उंच होता, त्यावर बेतलेला उजेड काय कामाचा? मी दार उघडून डेकवर गेले आणि ओरडून सांगितलं की मी एवढी ताडमाड कधी झाले? तो झाडू बाजूला ठेवून नुसता बघत राहिला.

मग मी पायऱ्यांकडे बघितलं. वन्सं, माझं काम मी असं कधी बघितलं नव्हतं. उजेड बाजूने, तिरका, फळीला घासून जात होता. प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसत होती आणि तिच्याखाली तिची सावली. रंध्याने कुठे केसभर लाकूड जास्त ठेवलं असतं तर तेही लपलं नसतं. मी कठडा धरून पहिली उतरले. दोन्ही हातांनी धरला होता, खोटं कशाला सांगू. शेवटच्या पायरीवर मी खाली बसले आणि कडेपासून कडेपर्यंत वीत लावून एकेक पायरी वर मोजत गेले. सगळ्या सारख्या होत्या. टेपवर माझा विश्वास बसला नव्हता, पण वीत माझी आहे. हात चुकला नव्हता. लाकूड उन्हापावसाने राखाडी झालं, त्यात दिवेलागण, त्यामुळे कड जमिनीत मिसळून गेली होती, इतकंच. मी तिथेच बसून पोटभर रडले. तो शेजारी येऊन बसला आणि त्या दिवशी तरी त्याने एकही सूचना केली नाही.

गवंड्याला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचं कुलूप काढलं, करवतीला गंज चढला होता तो उतरवला. तुझ्या खुर्चीचा चौथा पाय कापून ठेवलाय. पॉलिश झालं की पाठवते, भिंतीची सोबत सोड.

दिवे आता सगळे माझ्या पावलांवर आहेत. फक्त कारखान्याच्या दारातला तेवढा राहिला, तो अजून वर बघतो. दार उघडून बाहेर आलं की उजेड थेट तोंडावर. तिथे जमीन सपाट आहे, धोका काही नाही, तरी हाही वळव म्हणून मी सांगितलं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि स्क्रू गंजून अडकला म्हणाला. माझ्याच डब्यातला स्टेनलेसचा स्क्रू, लावून महिनासुद्धा झाला नाही, आणि म्हणे गंजला. मी डबा परत फळीवर ठेवून दिला.

रोज संध्याकाळी काम आटोपून निघाले की तो वर डेकवर बसलेला असतो. कारखान्याचं कुलूप लावायला मला हल्ली जरा जास्तच वेळ लागतो. हे त्याला कळवू नकोस, आणि तुझ्या चिमट्यांसकट लोभ आमच्या दोघांवर राहू दे.

तुझी वहिनी