विसाव्या ओळीनंतर

छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय सत्यभामा,

परवा फोनवर तू विचारलंस, "उमे, पंचेचाळिशीत पुन्हा शाळा? पोरं हसत नाहीत का गं तुला?" हसतात. विद्यापीठातल्या त्या वर्गात सगळे माझ्या निम्म्या वयाचे, आणि शिकवणारी स्वरदासुद्धा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. विषय डायनॅमिकल सिस्टिम्स. म्हणजे एक नियम धरायचा, आलेल्या उत्तराला पुन्हा तोच नियम लावायचा आणि हे सगळं शेवटी कुठं जातं ते पाहायचं. वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतेय, पण अशी थक्क होऊन बाकावर बसल्याचं मला आठवत नाही.

बीएस्सीचं आपलं किडींचं प्रॅक्टिकल तू विसरली नसशीलच. यंदा शेतात किती कीड, त्यावरून पुढच्या वर्षी किती, असे चाळीस वर्षांचे आकडे काढायचे होते. तेच सूत्र स्वरदानं फळ्यावर लिहिलं, शेतात मावेल तेवढी कीड म्हणजे एक असं धरून. त्यातला गुणक अडीच ठेवला, तर शून्य आणि एकच्या मधल्या कुठल्याही आकड्यापासून निघा, शेवटी ०.६ वर येऊन टेकता. ३.२ ठेवला की दोन आकड्यांमध्ये आळीपाळीनं येरझारा. आणि आपल्याला दिला होता तो ३.९ ठेवला, तर थांबणं नाही, ठेका नाही. एका ओळीचा नियम, नशिबाला त्यात कुठंच जागा नाही, तरी पुढं काय येणार ते आधी सांगता येत नाही. घरी येऊन मी दोन वह्या भरल्या. भाजी करपली.

आजच्या तासाला तिनं अर्ध्या वर्गाला प्रत्येक उत्तर चार दशांश स्थळांपर्यंतच घ्यायला लावलं, उरलेल्यांना आकडा न तोडता कॅल्क्युलेटर तसाच चालू ठेवायला सांगितलं. दोन्ही आलेख आधी एकावर एक चालले. विसाव्या ओळीनंतर मात्र एकाच थांब्यावरून सुटलेल्या दोन बस, एक वाळूजला, एक शेंद्र्याला, उलट दिशांना. मी तेव्हा तेच करायचे ना? चार स्थळं जर्नलात लिहायची, कॅल्क्युलेटर साफ करायचा, पुन्हा तोच आकडा दाबायचा. मला त्याचा अभिमान होता. तू म्हणायचीस, "मशीनला मधीच कशाला थांबवायचं? चालू दे की."

विसाव्या ओळीपुढचे तुझे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत नव्हते. प्रॅक्टिकलच्या सरांनी तुझं जर्नल वर्गासमोर उघडलं होतं. "लासूरच्या बाजारातून आणले का हे आकडे?" सगळे हसले. तू म्हणालीस, "काढलेत सर, एक एक काढलेत." त्यांनी सही केली नाही. सहीशिवाय परीक्षेला बसता आलं नाही, आणि वर्ष गेल्यावर घरच्यांनी पुढं पाठवलं नाही. आज लासूर स्टेशनला तुझं बियाणांचं दुकान उत्तम चालतं, हे खरं. पण वर्गात सगळ्यात आधी सूत्र तुला दिसायचं, हेही खरं.

तास संपल्यावर मी स्वरदाला हे सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, दोघींचंही गणित चुकलं नव्हतं. आणि त्यांचे आकडे तुमच्यापेक्षा बारकाईनं काढलेले होते. बोलवा ना त्यांना पुढच्या रविवारी! त्यांनाच सांगू द्या पोरांना."

मी लगेच हो म्हणाले. मग रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की तिला सांगताना मी एक गोष्ट गाळली होती. ती तुलाही मी चोवीस वर्षांत सांगितलेली नाही. फोनवर तू मला हसवलं असतंस आणि मी पुन्हा टाळलं असतं, म्हणून हे पत्र. सत्यभामा, सरांना तुझे आकडे आपणहून दिसले नव्हते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि तुझे शेवटचे वीस आकडे मनानं रचलेले आहेत, असं सांगितलं. मला ते खरंच वाटत होतं. छोट्या चुकीनं मोठा फरक पडतो, असं म्हणून या विषयाच्या आडोशाला मला सहज उभं राहता येईल. पण माझी चूक छोटी नव्हती. तू शेजारच्याच बाकावर होतीस आणि मी तुला विचारलं नाही. येत्या रविवारी सकाळी अकराला तास आहे, गणित विभाग, पहिला मजला. फळा तुझ्यासाठी रिकामा ठेवायला सांगितलाय. आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस, तरी मी शेवटच्या बाकावर बसून ऐकेन.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
उमा