बुंध्याचं माप

नाना, विहिरीजवळचा रायवळ पडला. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच आहे. वादळबिदळ काही नव्हतं. फाल्गुनातल्या एका दुपारी साधा वारा सुटला आणि तो आडवा झाला, तोही शहाण्यासारखा, विहिरीला चुकवून, सुपारीच्या दोन ओळींच्या बरोबर मधे. मुळं कुजली होती, वर मात्र कुठे काही कळत नव्हतं. त्याचे आंबे इतके आंबट की माकडंसुद्धा एक चावा घेऊन टाकून द्यायची, आणि तुम्ही त्याचंच सार करायला लावायचात. आई म्हणायची, ह्यांची जीभ मेलीय. मी ह्या वर्षी मोहोर बघून ठरवलं होतं की एकदा तरी ते सार करायचं. राहिलं ते आता.

करवतवाला मशीन घेऊन आला आणि अर्ध्या दिवसात झाडाचे तुकडे करून गेला. फोडायला मात्र माणूस मिळेना. पूर्वी आगोटीच्या दिवसांत, पावसाच्या बेगमीची घाई असायची तेव्हा, तळ्याकडची माणसं खांद्यावर कुऱ्हाडी टाकून दारात उभी राहायची. त्यांची मुलं आता न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात आहेत. मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? मीही उमेदीची सगळी वर्षं तिथल्याच एका ऑफिसात एसीत बसून घालवली आणि निवृत्त झाल्यावर वाडीत येऊन मोठी बागायतदार झाले. घरात गॅस आहे, गिझर आहे. पण आषाढात वीज गेली की गिझर हे भिंतीवरचं एक पांढरं शोभेचं भांडं होतं, आणि न्हाणीच्या चुलीवरच्या पाण्याला जो धुराचा वास असतो तो मला लागतो. तुमचीच सवय. म्हणून ठरवलं, लाकडं फोडायचं यंत्र घ्यायचं. धाकट्याला फोनवर सांगितलं तर त्याला उत्साहाचं भरतं आलं. पुण्यात राहून आपल्या वाडीची काळजी करायची संधी त्याला क्वचित मिळते. दिवसभर तो मला यंत्रांचे व्हिडिओ पाठवत राहिला. त्यातली एकेक यंत्रं अशी की आपल्या सगळ्या आळीची घरं फोडून झाली तरी जोर उरेल. त्याचं एकच म्हणणं, ताई, घ्यायचंच तर मोठं घे.

पनवेलच्या बाजूचा एक दुकानदार बरा भेटला. त्याला विकायची घाई नव्हती. मी विचारलं मोठं घेऊ की लहान, तर त्याने उलट मलाच प्रश्न विचारले. लाकूड कसलं, सुकं की ओलं, गाठी किती, तुकडे लांबीला केवढे, कारण पाचर आणि दट्ट्या यांच्या मधे बसला नाही तर तुकडा पुन्हा कापत बसावं लागेल. घरात सिंगल फेज की थ्री फेज. यंत्र ठेवायचं कुठे, न्यायचं कसं. मी सांगितलं की फाटकापासून विहिरीपर्यंत पाटाच्या कडेने पायवाट आहे, खाली नुसती पुळण, माणूस चालला तरी पाय रुततो. तो म्हणाला, मग मोठ्याची चाकं तिथेच बसतील, आणि गावच्या व्होल्टेजवर त्याची मोटर नुसती कण्हत राहील, त्याला पेट्रोलवालं लागेल. मग म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं सोडा. तुमचा सगळ्यात जाडा ओंडका किती जाडा आहे, तेवढं मापून सांगा. त्याच्यावर साइझ ठरते."

टेप सापडला नाही. दिवाळीत आलेला धाकटा तो खिशात घालून पुण्याला घेऊन गेला असणार. म्हणून तशीच विहिरीजवळ गेले आणि बुंध्याचा तुकडा होता त्याला कवेत घेऊन बघितलं. हात पलीकडे पोचले नाहीत. मग त्याच्यावरच बसले आणि मला तुमची आठवण आली, म्हणजे तशी ती रोजच येते, पण त्या दिवशी तुमचा आवाज आला.

वैशाखातली सकाळ आहे. रविवार, म्हणून तुम्ही तरीने खाडीपलीकडे शाळेला गेलेला नाहीत. धोतराचा काचा मारून, अंगात बंडी, तुम्ही लाकडं फोडताय आणि आई पडवीतून ओरडतेय की चहा निवला. तुमच्याकडे तीन हत्यारं, हलकी कुऱ्हाड, जड कुऱ्हाड आणि लोखंडी पाचर. ओंडका पुढे ठेवून तुम्ही आधी नुसते बघत उभे राहायचात आणि मग एक हत्यार उचलायचात. तुम्ही चहाला गेलात तशी मी जड कुऱ्हाड उचलली. मला अर्थात सगळ्यात मोठीच हवी होती. उचलली कसली, ओढली, आणि कशीबशी फणसाच्या एका गाठीत घातली. ती जी रुतली ती मला काही निघेना. तुम्ही कप घेऊन परत आलात, माझ्याकडे बघितलंत, कुऱ्हाडीकडे बघितलंत. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही कप खाली ठेवलात आणि शाळेत बोलायचात त्या आवाजात म्हणालात, "बाय, दुसऱ्याच्या हातात बघून हत्यार निवडायचं नाही. आपला हात बघायचा, आणि काम बघायचं." मला त्याचा राग आला होता, कारण मारलं असतंत तर रडता तरी आलं असतं. पुढच्या बाजाराला तुम्ही लोहाराकडे मला घेऊन गेलात. माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत त्याला दाखवलात आणि त्या मापाचा दांडा घातलेली एक कुऱ्हाड करून घेतलीत. आळीतल्या बायका हसल्या, मास्तरांनी मुलीला बाहुलीऐवजी कुऱ्हाड आणली म्हणाल्या. ती अजून आहे. दांडा तोच आहे. आता तो माझ्या हाताला आखूड पडतो, पण नारळाची सोडणं आणि करवंट्या फोडायला मी तीच घेते.

तुमची अजून एक रीत होती. धाकट्याला ती कधी नीट कळली नाही, कारण त्याला लाकडं रचायला बोलावलं की त्याच्या पोटात दुखायचं. सगळं लाकूड तुम्ही फोडायचा नाहीत. फांद्या, मधले तुकडे फोडून चुलीजोगे करायचात. बुंध्याचे जाडे ओंडके मात्र तसेच ठेवायचात, खोपीतल्या सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात, खाली दगड, वर माडाची झापं. आपल्या आळीत माणूस गेलं की प्रत्येक घरातून लाकूड जातं. ते अजूनही जातं. पण पावसात जाडं, सुकं लाकूड कोणाकडे असणार? ते मास्तरांकडे असायचं. कोणी मागायलाही यायचं नाही. नुसतं फाटकाशी येऊन उभं राहायचं, आणि तुम्ही खोपीकडे वळायचात. चुलीचं लाकूड बारीक हवं, भरभर पेटायला, आणि ह्या कामाचं जाडं हवं, धरून राहायला, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतंत. आईला तो कोपरा आवडायचा नाही. घरात असलं काही साठवून ठेवू नये म्हणायची. तुम्ही म्हणायचात, आपण साठवलं नाही म्हणून कोणी थांबतं का?

आणि तुम्ही आषाढातच गेलात. पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. मी खोपीकडे धावले, कारण घरातलं एक तरी काम मला करायचं होतं. बायकांनी स्मशानात जायचं नव्हतं, मग निदान लाकूड तरी माझ्या हाताने काढून द्यावं. कोपरा रिकामा होता. दगड होते, झापं होती, ओंडका एकही नव्हता. त्याच पावसाच्या सुरुवातीला आळीतली दोन म्हातारी माणसं गेली होती आणि तुम्ही देऊन मोकळे झाला होतात. स्वतःसाठी ठेवायचं तुमच्या डोक्यातच आलं नसणार. मी त्या रिकाम्या कोपऱ्यात उभी राहून तुमच्यावर चिडले, नाना. रडण्याआधी चिडले. मग पडवीत येऊन बघते तर माणसं येत होती, इरली पांघरून, प्रत्येकाच्या काखेत फोडलेली बारीक लाकडं. चुलीची लाकडं. ज्यांच्याकडे जी होती ती. त्या पावसात अर्ध्या आळीने ओल्या लाकडावर भात शिजवला, घराघरातून धूर निघत राहिला आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही.

हे सगळं त्या बुंध्यावर बसून आठवलं आणि मग उठून मी दुकानदाराला फोन लावला. सांगितलं, सगळ्यात जाडं म्हणजे दीड वीत, फार तर दोन. तो म्हणाला, मग तुम्हाला लहानच पुरेल, सिंगल फेजवर आरामात चालेल, दोघं मिळून उचलतील. धाकट्याला हे कळलं तेव्हा तो वैतागला. विचारलं, मग बुंध्याचं काय करणार? मी म्हटलं, बुंधा राहू दे. कोपऱ्यात ठेवणार आहे, नाना ठेवायचे तसा. मग त्याने मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणाला, लाकडं बारीक होती, नुसती भडकून जात होती, वरून पाऊस. माणसं पुन्हा घरी जाऊन पुन्हा आणत होती. त्याला भीती वाटायला लागली की हे पुरं होणार नाही. अग्नी त्याने दिला होता, काय करावं त्याला सुचेना. तेवढ्यात तुमचा तरीवाला आला, भिजून चिंब, मागे दोन माणसं, खांद्यावर एक जाडजूड तुळईसारखं लाकूड. त्याची जुनी होडी मोडून शाकारलेल्या मांडवात ठेवली होती, तिचा तळाचा कणा. धाकट्याला म्हणाला, "मास्तर हिच्यातच बसायचं. घ्या, ही जाडी हाय, धरल." आणि तिने धरलं. धाकटा म्हणाला, ताई, मिठाने मुरलेलं लाकूड, त्याचा जाळ कडेने निळा दिसत होता. मग मी निवांत उभा राहिलो. एवढं सांगून त्याने विचारलं, कोणासाठी ठेवतेस गं बुंधा? मी म्हटलं, आळीसाठी. आता स्मशानातही गॅसची सोय होणार आहे म्हणतात, तो म्हणाला. मी म्हटलं, होईल तेव्हा होईल. वीज गेल्यावर गिझरचं काय होतं ते मला विचार.

यंत्र आलं. कुत्र्याएवढंच आहे, गुरगुरतंही तसंच. मधल्या फांद्या पुढे ठेवल्या की पाचर सावकाश सरकते, लाकूड जरा अडून बघतं आणि मग फटकन दोन होतं. तुम्ही आधी नाक मुरडलं असतंत आणि मग मला बाजूला सारून स्वतः चालवत बसला असतात. खोप भरली. जाडे ओंडके चौघांनी ढकलत कोपऱ्यात नेले, खाली दगड, वर झापं. शेजारच्या काकी कुंपणावरून बघत होत्या. त्यांचं आता वय झालंय. म्हणाल्या, "जाडी ठेवलीस ती बरं केलंस. माझं काय आता लांब न्हाय." मी म्हटलं, काकी, तुमच्या आधी बरेच जण रांगेत आहेत. त्या खूश होऊन घरात गेल्या. मला मात्र एकदम वाटलं की हे तुम्हाला सांगायला हवं, संध्याकाळच्या तरीने तुम्ही येताय, छत्री पडवीत उभी करताय, आणि मी सांगतेय. असं वाटतं, मग ते वाटणं तसंच राहतं, जायला त्याला जागा नसते. म्हणून हे लिहिलं. कुठे टाकायचं नाही हे लिहितानाच माहीत होतं.

एक सांगायचं राहिलं. आपल्या घरात वडिलांना कोणी मिठी मारत नसे. नमस्कार असायचा, फार झालं तर तुमचा हात डोक्यावर यायचा. त्या दिवशी टेप नव्हता म्हणून मी बुंध्याला कवेत घेतलं, हे खरं आहे. पण हात पोचत नाहीत, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी सोडलं नाही. गाल सालीला टेकवून तशीच राहिले, बराच वेळ, कोणी येत नाही ना बघत. माप केव्हाच झालं होतं, नाना.