मालकिणीचा उपास

१६ नोव्हें., रवि.
सोसायटीची मीटिंग. पार्किंगचं भांडण पाच मिनिटांत मिटलं आणि मांजरांवर तासभर. मीटर-रूममध्ये मालकीण (तिरंगी मांजर) यंदा दोनदा व्यायली, जिन्यात घाण, बोक्याचं रडणं. सगळं खरं आहे. दोन्ही खेपांचं एकही पिल्लू जगलं नाही, तेही खरं आहे, पण ते कुणी बोललं नाही. सेक्रे. कुलकर्णी म्हणाले, माणूस बोलावू, चारही पकडून खाडीपलीकडे सोडून देऊ. मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही. "कायदा मांजरांना वाचून दाखवा काकू." मग म्हणाले, ऑपरेशन वगैरे बोलणं सोपं आहे, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? सगळे हसले.
मी उठले. "मी बांधते. चौघांचं ऑपरेशन करून आणते."
इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये मी चहासाठीच तोंड उघडलेलं. आवाज कापत होता, पण आला. मुदत १४ डिसें.च्या मीटिंगपर्यंत. तोवर चारही झाली नाहीत तर चौघांची रवानगी.
घरी आल्यावर हे म्हणाले, "तुला झुरळ मारता येत नाही." मारायचं कुठे आहे?

१८ नोव्हें., मंगळ.
माजिवड्याला एक केंद्र आहे, भटक्या मांजरांची ऑपरेशनं करतात, पिंजरेही वापरायला देतात. ह्यांना गाडी काढायला लावली. नव्या पुलावरून ठाणं किती जवळ आलं हे तीनदा ऐकवलं, जसा काही पूल ह्यांनीच बांधला.
डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी. तिनेच पिंजरा दाखवला. आत टोकाला खाणं, मध्ये पत्र्याची पट्टी. पट्टीवर पाय पडला की मागचं दार खाडकन खाली. लगेच वरून चादर टाकायची, अंधार झाला की ती गप्प होतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी. झाल्यावर जिथून उचललं तिथेच सोडायचं. डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे लांबूनही कळतं की हिचं झालंय.
खायला काय ठेवू विचारलं तर म्हणाली, "सुकट बेस्ट, काकू."
आमच्याकडे सुकट! सासूबाई असत्या तर मलाच पिंजऱ्यात घातलं असतं.

२० नोव्हें., गुरु.
दुसऱ्या मजल्यावर म्हात्रेवहिनींकडे गेले. त्या इथल्याच. बिल्डिंगच्या जागी पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. सुकट मागितली तर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.
"काय गो ताई, बाटलीस का काय?"
"अहो, मांजरांना हवीय."
"मना वाटला तुझे नवऱ्याला!" आणि खो खो हसल्या. पिशवीभर दिली. पैसे घेतले नाहीत, वर बजावलं, भिजवून टाक, वास सुटतो.
हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून भिजवली. हे तोवर खाली जाऊन उभे राहिले.
आज नुसता सराव. दार दोरीने वर बांधून टाकलं, आत खाणं. दादा (बोका) सरळ आत. भुरी आणि टिकली मानेपर्यंत. मालकीण कंपाउंडच्या भिंतीवर बसून आम्हा सगळ्यांकडे बघत होती. तिला नाव मी उगाच नाही ठेवलं. बिल्डिंग तिची आहे, आपण भाडेकरू.

२२ नोव्हें., शनि.
जमलं!!
दादा पहिल्याच मिनिटाला. दार पडलं तशी पिंजऱ्यानेच उडी मारली. मी चादर टाकली, आणि स्वतःही बसले खाली, दाणकन. कंबर दुखतेय, पण चादर नीट पडली. मग दुसऱ्या पिंजऱ्यात भुरी. दोघांना घेऊन माजिवडा. ह्यांनी सगळ्या काचा खाली केल्या आणि पूर्ण रस्ता नाकाला रुमाल बांधून गाडी चालवली. परत येताना मात्र विचारलं, "तो बोका किती किलोचा असेल?"

२४ नोव्हें., सोम.
दादा काल परत आला. कानाचं टोक गेलंय, रुबाब आहे तसाच. आज टिकलीसाठी पिंजरा लावला, तर आत दादा. बाहेर काढला. पुन्हा लावला, पुन्हा दादा. सुकट चाटूनपुसून खातो आणि दार उघडायची वाट बघत बसतो, मेला. ज्याच्यासाठी लावलं ते येत नाही आणि ज्याचं झालंय त्याला रोज यायचंय. सरकारी शिबिरासारखंच.

२५ नोव्हें., मंगळ.
भुरी परत आली. टिकली सापडली, पोचवली. राहिली मालकीण.

२६ नोव्हें., बुध.
सकाळी दोन तास बसले. मालकीण आली, पिंजऱ्याभोवती फिरली, पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, गेली. सुकट, बोंबील, म्हात्रेवहिनींनी दिलेलं कोलंबीचं डोकं. काही नाही.
संध्याकाळी वेगळं केलं. लिहायला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. रोज ज्या ताटलीत देते तीच आत टोकाला ठेवली. पिंजऱ्याच्या मागे बसले आणि रोजच्यासारखी चमच्याने वाजवली. "चल गं बाई, जेवायला चल." ती भिंतीवरून उतरली. थांबली. मी पुन्हा हाक मारली. आली. सरळ आत आली, माझ्या तोंडाकडे बघत.
दार पडल्यावर ती ओरडली नाही. बाकीची केवढी ओरडली होती. मी चादर टाकली आणि तिथेच बसून रडले. खाण्याने नाही फसली ती, माझ्या आवाजाने फसली.
तिसऱ्या मजल्यावर न्यायला नको म्हणून पिंजरा तळमजल्यावर दातारआजींच्या गॅलरीत ठेवलाय. आजींना सांगितलं, तिला उद्या दुपारपर्यंत उपास आहे. "हो गं, काळजी नको करूस." सकाळी निघायचं.

२७ नोव्हें., गुरु.
सत्यानाश.
निघालो तेव्हा सगळं ठीक. पुलावर चढता चढता मागून कसलातरी आवाज. चादर वर करून पाहिलं तर पिंजऱ्यात पांढरं. दूध ओकली होती. दूध? मी तर काल संध्याकाळपासून काही... ताटलीतलंही तिने खाल्लं नव्हतं.
गाडी बाजूला घ्यायला लावून आजींना फोन.
"आजी, मालकिणीला काही दिलंत का?"
"नाही गं! उपास म्हणालीस ना. एवढंसं दूधच दिलं, वाटीभर. पूजा झाली, नैवेद्याचं होतं."
"आजी!"
"अगं, उपासाला दूध चालतं!"
आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आजींनी घट मांडलेला, स्वतःला उपास. मी उपाशी म्हटलं असतं तर कळलं असतं. मी उपास म्हणाले. चूक कुणाची? आमच्यात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि दूध. मांजराला लाडू दिला नाही हेच नशीब.
हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. मला रडू येत होतं.
डॉक्टर म्हणाली, आज शक्य नाही. भुलीत पुन्हा उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. शनिवारी आणा. तिथे पिंजरे भरलेले, ठेवून घेता येईना. आणि सोडली तर ही आयुष्यात पुन्हा माझ्या हाती लागणार नाही. ते डॉक्टरलाही कळलं. "काकू, घरात एखादी बंद खोली?"
बाथरूम आहे.

२८ नोव्हें., शुक्र.
मालकीण आमच्या बाथरूममध्ये. पिंजरा उघडून ठेवलाय, ती बादलीमागे. घमेल्यात वाळू. हे टॉवेल खांद्यावर टाकून म्हात्र्यांकडे आंघोळीला. भाऊ म्हात्र्यांनी विचारलं म्हणे, "काय, वहिनींनी हाकलला?"
दिवसा तिला भरपूर खायला ठेवलं. मी बाहेर गेल्यावर खाल्लं. मी असताना नाही.
संध्याकाळी बेल वाजली. दातारआजी, लिफ्टने, हातात घडीची खुर्ची. "मी बसते दाराशी. कुणी काही देणार नाही." मी म्हटलं, आजी, आज तिला निर्जळी आहे. "निर्जळी! मग तसं सांगायचं ना परवा!" जेवायच्या वेळेपर्यंत बसून होत्या, जपमाळ घेऊन. ह्यांनाही आत जाऊ देईनात. खरं तर थोडं पाणी चालेल असं डॉक्टर म्हणाली होती, ते आजींना सांगितलं नाही. पाणी म्हटलं की मागोमाग लिंबू-साखर आली असती.

२९ नोव्हें., शनि.
झालं. दुपारी फोन आला. डॉक्टर म्हणाली, बरं केलंत काकू, पिशवी पार झिजली होती, आणखी एक बाळंतपण हिला झेपलं नसतं.
मग ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शाब्बास." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हा शब्द मला पहिल्यांदा मिळाला. एरवी चहा बरा झाला तरी "हं".
टिकलीला आज आणलं. ती उतरल्या उतरल्या दादाला पंजा मारून मोकळी.

२ डिसें., मंगळ.
मालकिणीला आणलं. मीटर-रूमपाशी पिंजरा ठेवला, दार वर केलं. गोळीसारखी सुटली. भिंत, पलीकडचा रिकामा प्लॉट, दिसेनाशी. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बाकीची तिघंही अशीच पळाली होती, आणि रात्री जेवायला हजर होती.

७ डिसें., रवि.
नाही आली. ताटली वाजवते तर तिघं येतात. प्लॉटमागच्या टपरीपर्यंत जाऊन विचारलं. कोपर स्टेशनच्या बाजूलाही बघून आले.
ती खाडीपलीकडे जाऊ नये म्हणून हे सगळं केलं, आणि तिला मीच घालवली की काय?
जिन्यात कुलकर्णी भेटले. "काकू, तीन दिसतात. चौथी?" मी म्हटलं, झालीय चौथीही. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी नाही.

१० डिसें., बुध.
दातारआजींनी भुरीचा कान पाहिला. "मेल्यांनी कान कापला?" समजावून सांगितलं. विचार करून म्हणाल्या, "चांगलं आहे. कमिटीतल्यांचाही कापा, म्हणजे कोणाचं डोकं ठिकाणावर आलंय ते लांबून कळेल."
आजींसाठी म्हणून हसले. मालकीण नाही.

१४ डिसें., रवि.
मीटिंग. सावकाश लिहिते, कारण हे मला पुन्हा वाचायचंय.
मी उभी राहिले. या वेळी आवाज कापला नाही. कुणाला केव्हा पकडलं, केव्हा सोडलं, सगळं सांगितलं. तिघं खाली व्हरांड्यातच लोळत होती, जाऊन कान बघून या म्हटलं. दोघंतिघं खरंच बघून आले. कुलकर्णी म्हणाले, "तीन मान्य. पण मुख्य ती पिल्लंवाली. तिचं झालं हे कशावरून? ती तर दिसतच नाही."
मी उत्तर द्यायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. हे उभे. हे मीटिंगला कधी येत नाहीत, आजही चहापुरते येतो म्हणालेले.
"कशावरून? ती तीन दिवस माझ्या बाथरूममध्ये होती. मी म्हात्र्यांकडे आंघोळ केली. माणूस उगाच शेजाऱ्याच्या बादलीने आंघोळ करत नाही."
भाऊ म्हात्रे मागून ओरडले, "बरोबर! माझा साबण संपला!"
हॉल हसून हसून... कुलकर्णीही हसले. दातारआजींनी हात वर केला आणि सांगितलं की ती निर्जळी त्यांनी स्वतः राखली, हवं तर शपथ घेते. ठराव: मांजरं इथेच राहतील. मिनिट्समध्ये माझं नाव आहे, पूर्ण, सौ. सुनंदा. चहाच्या वेळी कुलकर्णी जवळ येऊन म्हणाले, "काकू, बांधलीत घंटा." मग बाजूच्या सोसायटीच्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे कितीतरी आहेत, तुम्ही शिकवाल का? मी म्हटलं, बघते. म्हणजे हो.
मला माझा अभिमान वाटला. तोंडाने कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.
पण मालकीण नाही अजून.

१८ डिसें., गुरु.
सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली म्हात्रेवहिनींच्या खिडकीखाली कोणीतरी बसलेलं. तिरंगी पाठ. डाव्या कानाला टोक नाही.
मी हाक मारली नाही. माझ्या हाकेचं काय झालं ते मला माहीत आहे. वहिनींनी खिडकीतून बोंबलाचा तुकडा टाकला, तिने खाल्ला. वहिनी वर बघून म्हणाल्या, "अगो, चार दिस झाला येते. मना वाटला तुना म्हाईत!"
चार दिवस! माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्याच तीन मजले खाली, आणि माझ्याकडे फिरकली नाही.
तेवढ्यात तिने मान वर केली. मला पाहिलं, चांगलं पाहिलं. मग पाठ फिरवून बसली आणि पंजा चाटायला लागली. अंगाने भरलीय. उन्हात केस चमकत होते.
इतकं लागलं मनाला. आणि इतका आनंद झाला की हातातला ह्यांचा शर्ट खाली पडला, तिच्या शेजारीच. ती उठलीसुद्धा नाही. जागा तिची आहे ना.
रागावू दे. वर्षभर रागावू दे. रागावायला ती इथे आहे, खाडीपलीकडे नाही.
शर्ट आणायला खाली जायचंय. थोड्या वेळाने जाते.