चंदीगड ते पुणे, अडीच तास

बाबा,

आज दुपारी तुमच्या नातीने जेवता जेवता फोनवर बघून सांगितलं, "डायरेक्ट फ्लाइट है मम्मा, ढाई घंटे. इतना ड्रामा क्यों, यार?" तिला पुण्यात प्रवेश मिळालाय. मी अर्धी पोळी ताटात टाकून उठले. तिला वाटलं, ती लांब जाणार म्हणून मला रडू आलं. पण मला तुमचा राग आला होता. चौदा वर्षं झाली, अजून तेवढाच आहे.

आई तिकडे पुण्यात पहाटे पाचला गेली. तुम्ही मला फोन केलात दुपारी दोनला, स्मशानातून परतल्यावर. "तू पोचली नसतीस. आता दहाव्यापर्यंत सावकाश ये." सावकाश! कोल्हापूरहून काका येईपर्यंत थांबलात आणि एकुलत्या एका मुलीला विचारलंसुद्धा नाहीत. तेव्हा थेट विमान नव्हतं, मान्य. दिल्लीला बदलावं लागायचं. तरी जूनचा मोठा दिवस होता, सूर्य मावळायच्या आत मी दारात उभी असते. तिच्या कपाळाला हात लावायचा होता मला, बाकी काही नाही. त्या दिवसाचे तास मी किती वेळा मांडले असतील!

आणि तुम्ही तर नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीतले. तुमची बदली इथे चंदीगडला होती तेव्हा, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही जमिनीवर भारताचा नकाशा पसरता, मी नऊ वर्षांची. चंदीगडपासून पुण्यापर्यंत पट्टी ठेवते आणि म्हणते, एवढंच! तुम्ही पट्टी काढून घेता आणि हातात दोरा देता. "रूळ वळतात तसा वळव. उडत जाणार आहेस का?" पोळी लाटता लाटता आई म्हणते, "जाईलही. आत्तापासून कशाला अडवता तिला?" तिला कळलं होतं, बाबा. तुम्ही मात्र त्या दिवशीही माझ्यासाठी दोराच काढलात. नंतर दोन वर्षं तुम्ही होतात. दर सुट्टीत मी येत होते, तुमच्यासमोर बसून चहा पीत होते, आणि हे एकदाही विचारलं नाही. मग तुम्हीही गेलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहू शकते. आई गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत तुम्ही फोनवर विचारलं होतंत, विमानाने आलीस तर घरापासून घरापर्यंत किती वेळ लागतो? तुम्ही स्वतः कधी विमानात बसला नव्हतात. मी म्हटलं, "दीड दिवस धरा, बाबा. रजा पुरत नाही." रजा मंजूर झालेली होती. त्या रजेत आम्ही पिंजौरवरून वर डोंगरात कसौलीला फिरायला गेलो, चार दिवस. फोन ठेवण्याआधी तुम्ही आईकडे वळून बोललात, ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं, "दीड दिवस लागतो म्हणतेय."